‘असमाधानकारक’ म्हणजे नेमकं काय, साहेब?

शिक्षकांच्या ताणतणावावर हल्ली कार्यशाळा होतात. नागपूरहून एखादे समुपदेशक येतात, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतात, ‘टीका मनाला लावून घेऊ नका’ असं सांगतात. मग चहा-बिस्किटं होतात, गटाचा फोटो निघतो आणि तो तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर वर पाठवला जातो, कारण कार्यशाळा झाल्याचा पुरावा लागतो. घरी आल्यावर अम्मी म्हणते, बेटा, सबर कर. संस्थेतले एखादे चाचा म्हणतात, नोकरी मिळाली हेच मोठं समज, आता तोंड बंद ठेव.

हे सगळे चांगल्या मनाने बोलतात. पण या सगळ्यांचा एकच समज असतो, की दुखणं शिक्षकाच्या मनात आहे आणि ते मन जरा कणखर झालं की प्रश्न सुटेल. मला हे अजिबात पटत नाही. दुखणं शेरेपुस्तकात आहे, पगाराच्या रकमेत आहे आणि नेमणुकीच्या कागदात आहे. ते तिथून काढायला हवं. ज्या टेबलावर शेरा लिहिला जातो त्या टेबलाकडे बोट न दाखवता शिक्षकाला श्वास मोजायला बसवणं ही शुद्ध पळवाट आहे.

सुरुवातीलाच सांगते, मी पाठ निरीक्षणाच्या विरोधात नाही. वर्गात कुणी येऊ नये, कुणी काही बोलू नये, असं ज्या शिक्षकाला वाटतं त्याची बाजू मी घेणार नाही. माझं भांडण आहे ते न बघता केलेल्या निरीक्षणाशी.

आधी आपल्या गावाबद्दल. कामठी ही मुळात छावणी. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी इंग्रजांनी ती वसवली आणि तिच्या आधाराने बाजार, विणकर, मजूर आले. मोमीन मोहल्ल्यांतले माग, घराघरांत वळली जाणारी बिडी, जवळच्या कोळसा खाणी, यांवर हे गाव जगलं. बाबू हरदास एल. एन. यांनी इथल्या बिडी कामगारांची संघटना बांधली आणि वस्तीतल्या मुलांसाठी रात्रशाळा चालवल्या, हे इथल्या बौद्ध मोहल्ल्यात लहान मुलालाही माहीत असतं. आपल्या मोहल्ल्यात मात्र ते फारसं सांगितलं जात नाही, आणि सांगायला हवं. कारण मागावर आणि सुपासमोर बसणाऱ्यांची पोरं शाळेत गेली पाहिजेत ही भूक या गावात जुनी आहे, आणि ती एका जमातीची नाही.

आज त्याच घरांतल्या मुली डी.एड., बी.एड. होऊन वर्गात उभ्या राहतात. घरातली पहिली पदवीधर, बऱ्याचदा घरातला पहिला ठरलेला पगार. पगार हा शब्दही पहिली तीन वर्षं वापरता येत नाही, कारण २००० सालापासून महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला ‘शिक्षण सेवक’ म्हणतात आणि त्याला मानधन देतात. प्राथमिकला ते बरीच वर्षं महिना ६००० रुपये होतं, २०२३ पासून १६,००० झालं. माध्यमिकला १८,०००. हे अनुदानित जागेवर, रीतसर मान्यता मिळालेल्यांचं. विनाअनुदानित शाळेत, ‘मॅनेजमेंटकडून’ काम करणाऱ्या मुलीच्या हातात किती पडतं ते तिला चार लोकांत विचारू नका, तिला खाली बघायला लावू नका.

या मुलीच्या वर्गात निरीक्षक येतो.

मी कामठीत अकरा वर्षं शिकवते आहे. एका शाळेत (नाव घेत नाही) माझा चौथीचा गणिताचा तास चालू होता. अपूर्णांक. मुलांनी जुन्या वर्तमानपत्रातून गोल रोट्या कापल्या होत्या आणि पाच-पाच जणांच्या गटात त्या वाटायच्या कशा यावर जोरजोरात वाद चालला होता. एकीचं म्हणणं होतं की चार भाग करून पाचव्याला न देणं हा हिसाबही चुकीचा आहे आणि गुनाहही. साहेब दारात आले, मी सलाम केला, ते सात-आठ मिनिटं उभे राहिले, फळ्याकडे पाहिलं, तो कोरा होता. ऑफिसात जाऊन त्यांनी लिहिलं: ‘वर्गनियंत्रण असमाधानकारक. फलकलेखन नाही. सुधारणा अपेक्षित.’ त्या वर्षी ते पुन्हा माझ्या वर्गात आले नाहीत. सुधारणा झाली की नाही हे पाहायलाही नाही.

मला राग शेऱ्याचा आला नाही. फळ्यावर एक रोटी काढून तिचे भाग लिहायला हवे होते, असं ते म्हणाले असते तर मी दुसऱ्या दिवशी तसं करून पाहिलं असतं, कारण त्यात काही तथ्य असू शकतं. पण त्या तीन वाक्यांत अपूर्णांक नव्हता. एकही मूल नव्हतं. कुठल्या मुलीला समान भाग ही कल्पना कळली, कुणाला कळली नाही, काहीच नव्हतं. मराठीतला ‘असमाधानकारक’ हा शब्द बघा किती सोयीचा आहे. कुणाचं समाधान झालं नाही? साहेबांचं. मग वर्ग साहेबांच्या समाधानासाठी भरला होता का?

अशा शेऱ्यांतून शिक्षक काय शिकतो? पाठ वठवायला शिकतो. राज्यभरच्या शिक्षकांत एक जुना किस्सा फिरतो: तपासणीच्या दिवशी सगळ्या मुलांनी हात वर करायचा, उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. लोक त्यावर हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्या मुलाचा डावा हात वर आहे, त्याच्यासाठीच निरीक्षक आला पाहिजे होता, आणि नेमका तोच मुलगा त्याला दिसू नये अशी व्यवस्था त्याच्या येण्याने झाली.

भाषेचा मुद्दा तर आपल्याकडे फारच जिव्हाळ्याचा. उर्दू माध्यमाच्या वर्गात उर्दू न वाचता येणारा अधिकारी आला तर तो काय बघणार? जे दिसतं ते. मुलांच्या रांगा, भिंतीवरचे तक्ते, मॅडमची वेळेची पाबंदी. टाचणवहीसुद्धा त्याला वाचता येत नाही, म्हणून तो तारीख आणि सही तपासतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे शाळा पुष्कळ आणि माणसं कमी. पण मग त्याने अध्यापनावर शेरा लिहू नये. तारीख आणि सही बरोबर आहे एवढंच लिहावं, ते खरं तरी असेल.

उलट बाजूही आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. मी त्याच्या बाजूने आहे, कारण मराठी न आल्यामुळे तहसीलच्या खिडकीवर आणि मुलाखतीच्या खुर्चीवर आमच्या पोरांचं किती नुकसान होतं हे मी पाहते. हे मासिक मराठीतून वाचणाऱ्या तुम्हाला ते समजावून सांगायची गरज नाही. पण उर्दू शाळेतला मराठीचा तास म्हणजे दुसऱ्या भाषेचा तास. घरात ‘अपन जाते, तुम आव’ अशी बोली, रस्त्यावर नागपुरी हिंदी, आणि मराठी ऐकू येते ती बाजारात आणि बसमध्ये. तिसरीच्या मुलाला ‘ळ’ समजावताना, ‘तो’ आणि ‘ते’ यांतला फरक सांगताना शिक्षिका दोन वाक्यं उर्दूत बोलते. त्यावर शेरा येतो, ‘मराठीच्या तासास उर्दूचा वापर.’ घरची भाषा ही दुसऱ्या भाषेत चढण्याची शिडी असते, हे भाषा शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. शिडी काढून घ्यायची आणि मग मूल वर का चढत नाही म्हणून शिक्षिकेला जाब विचारायचा, हे चालणार नाही.

आता कुणी म्हणेल, तपासणीला विरोध करणारे सगळे शिक्षक असंच बोलतात. म्हणून मी जोतीराव फुल्यांकडे जाते, कारण ते शिक्षकांच्या बाजूने बोलायचं म्हणून बोलणारे नव्हते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्यात शाळांच्या तपासणीवर कडक टीका आहे. वर्षातून एकदा येऊन जाणारा तपासनीस काही कामाचा नाही, निदान दर तीन महिन्यांनी भेट व्हावी आणि अधूनमधून न कळवता भेट द्यावी, असं ते म्हणतात. म्हणजे अचानक भेटीची मागणी खुद्द फुल्यांची आहे. शिक्षक संघटनांच्या सभांत हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

पण त्याच निवेदनात ते आणखी काय म्हणतात? शिक्षक प्रशिक्षित असावा. त्याला निदान १२ रुपये पगार असावा, मोठ्या गावांत १५ ते २०. तो शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळणारा, त्यांची गरज ओळखणारा असावा. ज्या पंतोजीची जास्त मुलं पास होतील त्याला उत्तेजन म्हणून पगाराशिवाय वेगळा भत्ता द्यावा. हे ‘पगाराशिवाय’ नीट लक्षात घ्या. त्या काळात इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये आणलेली ‘निकालावर पैसे’ ही पद्धत चालू होती, आणि मुंबई इलाख्यातही तसंच अनुदान दिलं जात होतं. इंग्लंडमध्ये तपासनीस यायचा, मुलाला वाचायला लावायचा, गणित घालायचा, आणि मूल अडखळलं की शाळेचे पैसे कापले जायचे. शिक्षकांनी काय केलं? तपासनीस जे पुस्तक वाचायला देणार ते मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवी स्वतः शाळा तपासनीस होता, तोसुद्धा या पद्धतीवर टीका करत राहिला. शतक संपेपर्यंत ती मोडीत निघाली. फुल्यांना निकाल हवा होता, पण पोटाला चिमटा न काढता.

फुल्यांनी शिक्षकाची गावात पत वाढावी म्हणून त्याला गावचा टपालमास्तर करावं, स्टँप विकायला द्यावेत, असंही सुचवलं होतं. त्यांची एवढी एक सूचना आपल्या सरकारांनी जरा जास्तच मनावर घेतली! आज शिक्षक मतदार यादी करतो, सर्वेक्षणं करतो, खिचडीची नोंद अ‍ॅपवर टाकतो, यू-डायसची माहिती भरतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज बिगर-शैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. २०२३ मध्ये ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षक रस्त्यावर उतरले ते उगीच नाही. दुपारी दोनपर्यंत माहिती भरायला लावायची आणि अडीच वाजता पाठाचं निरीक्षण करायचं, असं केलं तर काय दिसेल?

तर फुल्यांचं म्हणणं जोडीचं होतं: पगार नीट द्या, शिकवून तयार करा आणि मग वरचेवर तपासा. आपण त्यातला तिसरा तुकडा उचलला, पहिले दोन टाकून दिले. १६,००० रुपयांच्या तीन वर्षांच्या सेवकाला, जिची नोकरी पक्की व्हायची आहे, तिला ‘टीका सकारात्मक घ्या’ म्हणून सांगणं म्हणजे थट्टा आहे. पक्की नोकरी असलेला माणूस टीका ऐकून घेऊ शकतो, तिच्यावर वाद घालू शकतो, ती झटकूनही टाकू शकतो. जिला एका शेऱ्यावर घरी बसवता येतं तिच्यासाठी ती टीका उरत नाही, धमकी होते.

इथपर्यंत सरकारवर बोलले, टाळ्या मिळतील. आता जरा आपल्या घरात पाहू.

धमकी देणाऱ्यांत सरकारी अधिकारी कमी आणि आपल्याच संस्थांची इंतजामिया जास्त असते. सदर साहेब, सेक्रेटरी साहेब, त्यांचे भाचे. यांच्यापैकी कितीजण कधी वर्गात उभे राहिलेत? तरी ते वर्गात जाऊन बसतात, मुलांसमोर मॅडमला टोकतात, स्टाफरूममध्ये तिच्या ओढणीपासून तिच्या आवाजापर्यंत सगळ्यावर मत देतात, आणि कागदावर काही लिहीत नाहीत. लिहीत नाहीत हेच महत्त्वाचं. सरकारी शेरा निदान वाचता येतो, तोंडी शेऱ्याला उत्तर कुठे द्यायचं? आणि कुणी उत्तर दिलंच तर एकच वाक्य ऐकायला मिळतं: ही अकलियती संस्था आहे, इथे आमचा कायदा.

हे वाक्य खोटं आहे. घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं, आणि तो हक्क टिकवण्यासाठी आपण सगळ्यांनी लढलं पाहिजे. पण त्या हक्कात शिक्षिकेला गुलाम करण्याचा परवाना नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली आहे. अनुदान असो वा नसो, खाजगी शाळेला तो लागू आहे. अल्पसंख्याक शाळेला त्यात जी सूट आहे ती मुख्याध्यापक आणि संस्थेने नावानिशी कळवलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीपुरती. बाकीच्या सगळ्या शिक्षकांना संरक्षण तेच, जे शेजारच्या कुठल्याही शाळेत आहे.

ते संरक्षण काय आहे? गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यावर त्याला आपलं म्हणणं मांडता येतं. परिवीक्षेतल्या शिक्षकाच्या कामाचं मुख्याध्यापकाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायचं असतं आणि त्याची नोंद ठेवायची असते. ‘काम समाधानकारक नाही’ एवढं म्हणून तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एखाद्या मुलीला काढलं, आणि तीन वर्षांत तिच्या नावाने मूल्यमापनाचा एकही कागद नाही, तर तो आदेश न्यायाधिकरणात टिकवणं संस्थेला जड जातं. काढून टाकल्याचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत शालेय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आणि त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, नागपुरात न्यायाधिकरण आहे. डी.एड.च्या दोन वर्षांत आम्हाला फलकलेखनाचे प्रकार शिकवले, हे शिकवलं नाही.

आणि ‘सबर’बद्दल एक. आमच्या घरांत हा शब्द मुलींच्या वाट्याला जास्त येतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. भावाला कारखान्यात कुणी अपमानाने बोललं तर तो घरी येऊन भांडी आपटतो आणि सगळे म्हणतात, बरोबर आहे त्याचं. बहिणीला शाळेत कुणी बोललं तर तिला सबर. सबर म्हणजे हिंमत न सोडता उभं राहणं असेल तर हरकत नाही. तोंडाला कुलूप लावण्याला सबर म्हणू नका.

वरून आता परीक्षेची तलवार. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निकाल दिला: ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांपेक्षा जास्त वर्षं उरली आहेत त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी पास व्हायचं, नाहीतर सेवा सोडायची. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा आणि त्यासोबत टीईटी लागू करायची की नाही हा प्रश्न त्याच निकालात मोठ्या खंडपीठाच्या विचारासाठी पाठवला गेला. म्हणजे जिल्हा परिषद आणि नगर परिषदेच्या उर्दू शाळेतल्या शिक्षिकेवर घड्याळ सुरू झालं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या अकलियती शाळेतली शिक्षिका लटकलेली राहिली. ही परीक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून होते. नव्याने येणाऱ्याने ती द्यावी, मला त्यात अन्याय दिसत नाही. पण वीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवलेल्या बाईचा वर्ग एकदाही धड न पाहता तिची लायकी आता पर्यायांतले गोल काळे करून ठरणार असेल, तर इतकी वर्षं शेरेपुस्तकं कशासाठी भरली? त्या निरीक्षणावर खुद्द व्यवस्थेचाच विश्वास नाही, असाच याचा अर्थ होतो.

एका शब्दाचा शेरा काय करू शकतो हे इंग्लंडने फार महागात शिकून घेतलं. रीडिंग शहरातल्या कॅव्हरशॅम प्राथमिक शाळेची तपासणी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. शाळेला सर्वात खालचा, ‘अपुरी’ या अर्थाचा एका शब्दाचा दर्जा मिळणार हे मुख्याध्यापिका रूथ पेरी यांना कळलं. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी जीव दिला. त्या डिसेंबरात मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने सांगितलं की त्या तपासणीचा त्यांच्या मृत्यूत वाटा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने शाळांना एका शब्दात तोलण्याची पद्धत बंद केली. तिथेही पेरी यांच्या आधी शिक्षकांना ताण सहन करायचे सल्लेच मिळत होते. (तुमच्यापैकी कुणा शिक्षकाच्या मनात असे विचार येत असतील तर आज, आत्ता कुणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे. शेऱ्याशी नंतर भांडू, आपण सोबत भांडू.)

मग चांगलं निरीक्षण असतं तरी कसं? लांब जायला नको, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये ते घडलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या शाळांत शेरे मारण्याऐवजी शिक्षकांबरोबर बसून काम केलं: मूल कसं शिकतं, कोणतं साहित्य द्यायचं, गटात कसं बसवायचं. पदाने त्याही तपासणाऱ्याच होत्या. वर्ग बदलले, आणि राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ला बळ मिळालं त्यात कुमठ्याचा हात होता. पुढे काय झालं? निकषांच्या याद्या आल्या आणि गावोगावी शाळांच्या फरश्या ऑईलपेंटने रंगल्या, कारण कुमठ्यातली फरशी फोटोत येते आणि अधिकाऱ्याचं शिक्षकाशेजारी बसणं फोटोत येत नाही. तपासणाऱ्याला जे दिसतं तेच शाळा रंगवते, हे मी वर म्हटलं ते याचसाठी.

जपानमध्ये तर शिक्षकच एकत्र बसून एक पाठ तयार करतात, एकजण तो शिकवतो आणि बाकीचे मागे उभं राहून मुलांना न्याहाळतात. मुलांना, शिक्षकाला नव्हे. कोण कुठे अडलं, कुणी शेजाऱ्याचं पाहून लिहिलं, कुणाचे डोळे चमकले. नंतर चर्चा होते ती या नोंदींवर. अमेरिकेत गेट्स फाउंडेशनच्या पैशाने झालेल्या मोठ्या अभ्यासातही दिसलं की एका माणसाने एकदा पाहून दिलेले गुण भरवशाचे नसतात, वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळे तास पाहिले तर भरवसा वाढतो. आपल्याकडे हे आठ मिनिटांत उरकतं.

आता समोरच्या बाजूचं. ‘तुम्ही शिक्षक शिकवत नाही, म्हणून तपासणी लागते.’ यात खरं आहे. आपल्याच शाळांत पाचवीतल्या काही मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. तास सोडून प्लॉटचे व्यवहार करणारे सर मलाही माहीत आहेत. अशा सरांचं शेरेपुस्तक काढून बघा. बऱ्याचदा तिथे ‘समाधानकारक’ लिहिलेलं सापडेल, कारण त्यांचं फलकलेखन सुंदर आहे आणि साहेबांचा चहा वेळेवर येतो. म्हणजे या निरीक्षणातून आळशी माणूस सुटतो आणि नवी, धडपडणारी, वर्गात आवाज होऊ देणारी मुलगी अडकते. पोरांचं भलं हवं असणाऱ्यानेच ही पद्धत आधी मोडायला काढली पाहिजे.

जी मुलगी आज या पेशात आहे किंवा उद्या येणार आहे, तिला मी श्वास मोजायला सांगणार नाही. शेरा तोंडी असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना दोन ओळी लिही: अमुक तासाला अमुक सांगण्यात आलं, कृपया लेखी द्यावं. त्याची पोच घे. लेखी असेल तर त्याची प्रत माग आणि खाली आपलं म्हणणं लिही, भांडखोरपणे नको, वर्गात काय चाललं होतं ते सांग. शेऱ्यात खरं असेल तर तेही लिही आणि कधीपर्यंत बदल करणार ते लिही, त्याने कुणाचं नाक कापलं जात नाही. नेमणुकीचं पत्र, मान्यतेचा आदेश, मानधनाच्या नोंदी घरी अम्मीच्या ट्रंकेत नको, स्वतःच्या फाईलीत ठेव. आणि एकटी राहू नको. संघटना निवडताना जात-जमात बघू नको, कलम माहीत असलेला माणूस बघ.

शिक्षक नसलेल्या तरुणांनाही यात काम आहे. तुमच्या मोहल्ल्यातल्या संस्थेचे सदर तुमचे मामू नाहीतर चाचा असतील. त्यांना शादीच्या दावतीत विचारा की तुमच्या शाळेत नव्या मुलींना मूल्यमापनाची लेखी प्रत मिळते का. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून जागा असतात, तिथे जा. उर्दू वर्गाला उर्दू वाचणारा निरीक्षक द्या, एवढी एक मागणी घेऊन पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दहा पोरं गेली तरी तिथल्या खुर्च्या हलतात. आपण मिरवणुकीला हजार जमतो.

केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. आज तिथे परिपत्रकं वाचली जातात. कामठीतल्या एका केंद्राने पहिला तास फक्त एका पाठासाठी ठेवून पाहावा: एक शिक्षिका शिकवेल, सहा जणी मुलांकडे बघतील, केंद्रप्रमुखही त्यांच्यातच बसतील. डाव्या हाताच्या मुलाचं नाव नोंदवहीत पहिल्या ओळीत येईल. नोंदीची एक प्रत शिक्षिकेकडे राहील, आणि पुन्हा कधी यायचं ती तारीख त्याच पानावर लिहिलेली असेल.